पाहुण्यांसाठी रंगवलेले दगड

परदेशी बँकेचे पाहुणे गाड्यांतून उतरले तेव्हा शाळेच्या मैदानात एकही दगड तांबडा उरला नव्हता.

फौजेची दुभाषीण, याच गावची लेक, जागीच थिजली. तांबड्या दगडापलीकडे सुरुंग, पांढऱ्यापलीकडे साफ जमीन, ही खूण परदेशी फौजेनं गावातल्या पोराटोरांकडूनही घोकून घेतली होती. मैदान अर्धंच साफ झालं होतं. उरलेल्या अर्ध्यात गेल्या वर्षी सुरुंगानं तिचे वडील गेले होते.

बांधकामाचा मुकादम तिचा सख्खा काका. पाहुणे यायचे म्हणून त्यानं भिंतींचा उरलेला चुना दिसेल त्या दगडाला फासला होता. तांबडं-पांढरं डोळ्यांना खुपत होतं म्हणे. तांबडे कुठवर होते, हे आता त्यालाही धड सांगता येईना.

तेवढ्यात तिला आई दिसली. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या वाऱ्यानं उडाल्या होत्या. त्या गोळा करत आई दगडांच्या पार पलीकडे गेली होती.

"आई, आहेस तिथंच थांब."

काकानं तिचा दंड धरला. वहिनी आली तशी पावलावर पाऊल ठेवून येईल, म्हणाला. साहेबांच्या कानावर गेलं तर फौज काम बंद पाडेल, बँक हात आखडता घेईल, शाळेवर छप्पर काही चढायचं नाही. तो खोटं बोलत नव्हता. शेजारच्या गावचा दवाखाना असाच अर्ध्यावर राहिला होता. पण त्या टणक जमिनीवर आईची पावलं उमटलीच नव्हती.

तिनं फौजेच्या अधिकाऱ्याला सगळं सांगून टाकलं.

गाड्या मागं हटल्या. एक जवान पोटावर झोपून, सळईनं माती टोचत आईकडे सरकू लागला. तो बोले ते दुभाषीण ओरडून आईला सांगे. हलू नकोस, हे तिसऱ्यांदा सांगितल्यावर आई वैतागली.

"त्याला सांग, मी काय नाचतेय का? आणि शेगडीवर दूध आहे, उतू जाईल."

कुणी हसलं नाही. सळई आईच्या पायापासून वीतभर अंतरावर थांबली. जवानानं मान वर न करता आवाज दिला, दुभाषिणीनं तो आईपर्यंत पोचवला.

"आई, उजवा पाय पुढं टाकू नकोस."

"का गं?"

"तो सांगतोय म्हणून."

आईनं खाली पाहिलं. काखेतला पिशव्यांचा भारा खाली घसरू लागला.

"हे खाली टाकू का?" तिनं अगदी हळू विचारलं.

लेकीनं जवानाला विचारलं. त्यानं सळई खाली ठेवली आणि भारा झेलायला हात पुढं केला.