स्टीअरिंग डावीकडे, खोली उजवीकडे

मागे खोली जोडलेली गाडी रिव्हर्स घेताना स्टीअरिंग डावीकडे फिरवलं की खोली उजवीकडे जाते. हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी ऐन वेळी हात चुकतात.

*

लिफ्टमध्ये अडकलेली माणसं आधी हसतात, मग चिडतात, मग एकमेकांशी घरच्यासारखं बोलायला लागतात. दार उघडलं की पुन्हा अनोळखी.

*

ही नदी सरळ जायला तयारच नसते. टेकडीवरचा तो पडका मनोरा सकाळी उजवीकडे होता, जेवणाच्या वेळी डावीकडे आला आणि आत्ता, मागे पडला म्हणेपर्यंत, पुन्हा समोर.

*

दातांचा डॉक्टर आपल्या काउंटरवरच्या बाईला म्हणाला, "बाई, दात पडायच्या वयात लग्न करताय?" आणि तिच्या दोन दाढा फुकट भरून दिल्या. तोच आहेर.

*

दोन बिछान्यांच्या खोलीत एकाच बाजूला माणूस झोपला तर खोली कलते का? नाही कलत. त्याने बुडबुड्याची पाणसळ ठेवून बघितली.

*

"हॉर्न कशाला वाजवतोस? बहिरी झालेय का मी?"

ताई हात पुसत घराबाहेर आली. पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. दातांच्या दवाखान्याच्या काउंटरवर सारा जन्म इस्त्रीचे कपडे घालून बसलेली बाई. तिला बुटांत बघायची त्याला अजून सवय नव्हती.

"वाजवला नाही. कोपर लागलं," तो खिडकीतून म्हणाला.

"कोपरं आवर. उंट नुसता. आणि फाटकातच उभा राहणार का, टिल्ल्या?"

टिल्लू हे त्याचं लहानपणचं नाव. पुढे त्याची उंची इतकी वाढली की लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना कंपनीतले सोबती म्हणायचे, आधी पाय पाठव, बाकीचा सावकाश ये. पण ताईसाठी तो टिल्लूच राहिला. आई-वडील गेल्यावर दोघं एकाच घरात राहिली. त्याचं लग्न जमलं नाही, तिचं तिने जमू दिलं नाही. तो दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायचा, ती लोकांना वाट बघायला सांगायची. संध्याकाळी दोघं एकमेकांना दिवसभरातली माणसं सांगायची.

आणि सुट्टीत ही गाडी. गाडी साधीच, मागे जोडलेली खोली जुनी, कोणाकडून तरी घेतलेली. आत समोरासमोर दोन बिछाने, मध्ये घडीचं टेबल, शेगडी, आणि पाण्याचा एक छोटा पंप, तो नळ सोडला की खोकल्यासारखा आवाज करायचा. दर वर्षी नदीच्या उगमाकडून निघायचं आणि द्राक्षमळ्यांमधून खाली खाली यायचं. इथल्या बागायतदारांची रीत आहे: फाटकावर चाकाची खूण टांगलेली असली की तिथे एक रात्र गाडी लावायची, भाडं नाही. सकाळी निघताना त्यांच्या तळघरातल्या दोन-चार बाटल्या विकत घ्यायच्या. घेतल्याच पाहिजेत असं कोणी म्हणत नाही, पण न घेता जाणाऱ्याला कुत्रासुद्धा निरोप देत नाही.

या मळ्यापर्यंत आलं की सुट्टी संपायची. नदी मात्र पुढे जायची. "रिटायर झालो की समुद्रापर्यंत," तो म्हणायचा, आणि ताई म्हणायची, "हो." मग गाडी वळवून घरी.

तो रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी ताईने या मळ्यातल्या विधुर बागायतदाराशी लग्न केलं. मुलीकडची मंडळी म्हणून तो एकटाच होता, त्यामुळे रुसायचीही पंचाईत. समजूत घालायला नवरीलाच यावं लागलं असतं.

आता तो रिटायर झाला होता. संपूर्ण खोऱ्यात, प्रत्येक वळणावर, त्याने शेजारच्या रिकाम्या सीटला एकच वाक्य म्हणून दाखवलं होतं. "ताई, चल, समुद्रापर्यंत जाऊन येऊ. आठ दिवस फक्त." सकाळी ते आर्जवासारखं वाटलं. दुपारी तक्रारीसारखं. मग त्याने त्यातलं 'फक्त' काढून टाकलं.

*

खोली रिव्हर्स घेऊन घर आणि मळा यांच्या मधल्या पट्टीत लावायची होती. वर्षानुवर्षं लावलेली. ताई मागे जाऊन उभी राहिली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पहिल्या सफरीत दोघांनी गाडी मागे घेताना एका मुक्कामी पाण्याचा नळ मोडला होता आणि तिथेच भर रस्त्यात भांडण झालं होतं.

"तू डावीकडे म्हणालीस!"

"खोली डावीकडे म्हणाले!"

"मी खोली चालवतो का? मी स्टीअरिंग धरतो!"

तेव्हापासून ठरलं की उलटापालट ताईने करायची. खोली उजवीकडे न्यायची असेल तर तिने मनात हिशेब करून "डावीकडे" ओरडायचं, आणि त्याने डोकं न चालवता स्टीअरिंग डावीकडे फिरवायचं. इतर जोडपी मागे घेताना घामाघूम व्हायची. ही दोघं पहिल्या झटक्यात खोली बसवायची. लोक विचारायचे, किती वर्षं झाली लग्नाला? ताई म्हणायची, "लग्न कसलं, शिक्षा आहे ही."

"ये, ये," ताई आता ओरडली. "ये अजून. डावीकडे. डावीकडे घे."

त्याने स्टीअरिंग डावीकडे फिरवलं.

"डावीकडे रे!"

त्याने आणखी फिरवलं.

"अरे थांब! थांब! टिल्ल्या!"

आवाज मोठा झाला नाही. लोखंडी डांब वाकला, त्यावर ताणलेल्या तारा एकामागून एक सैल झाल्या, आणि खुडणीला आलेल्या द्राक्षांची ती अख्खी ओळ, जरा टेकते म्हणाल्यासारखी, एका बाजूला कलली.

तो उतरून मागे आला. ताई तोंडावर हात ठेवून उभी होती.

"डावीकडे म्हणाले मी," ती म्हणाली.

"डावीकडेच घेतलं."

"अरे, खोली डावीकडे..." ती थांबली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग ताईने नजर ट्रॅक्टरकडे वळवली. त्याच्यामागे ट्रॉली जोडलेली होती, रिकाम्या क्रेट्सनी भरलेली. "यांच्या ट्रॉलीला तसंच सांगावं लागतं ना. ट्रॉली कुठे हवी तेवढंच मी सांगते. बाकीचं ते बघतात."

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"सवय लागली रे."

"बरोबर आहे म्हटलं ना."

*

बागायतदार लंगडत आला, एका गुडघ्यावर पट्टा बांधलेला. त्याने डांब बघितला, ओळ बघितली, आणि पाहुण्याकडे बघून म्हणाला, "प्रवास कसा झाला?"

"अहो, तुमची ओळ..."

"ओळ कुठे पळून जात नाही. उद्या-परवा खुडायचीच आहे. घड जमिनीला टेकू दिले नाहीत की झालं."

"त्यांना दाजी म्हणायला काय होतं तुझं?" ताई म्हणाली. "अहो काय, अहो?"

"माझ्याहून लहान आहेत ते."

"नात्याने मोठे आहेत."

"नात्याने त्यांना मोठं केलं कोणी?"

"मी! झालं समाधान?"

बागायतदार हसला नाही, पण पहार आणायला जाताना त्याचे खांदे हलत होते. दोघा पुरुषांनी मिळून तात्पुरता लाकडी टेकू रोवला आणि तारा एकेक करून ओढायला घेतल्या. तिसरी तार बागायतदाराच्या मनगटाभोवती गुंडाळली जायला लागली तेव्हा तो ओरडला, "दाजी, सोडा, सोडा!"

बागायतदाराने तार सोडली. ती सुळकन जाऊन मातीत पडली. मग त्यांनी ती पुन्हा उचलली.

*

जेवण उजेडातच झालं. उद्या पहाटे मजूर येणार होते. बागायतदार पिंपं धुवायला तळघरात गेला आणि स्वयंपाकघरात दोघंच उरली. खिडकीतून नदीचा एक तुकडा दिसत होता.

"वरची खोली तुझ्यासाठी साफ केलीय," ताई म्हणाली. "पलंग लांब घेतलाय. पाय बाहेर येणार नाहीत."

"मी गाडीत झोपतो."

"आज झोप. पण मी आजचं बोलत नाहीये. तिथे एकटा काय करतोस दिवसभर?"

"लिफ्टने वर जातो. खाली येतो."

"टिल्ल्या."

"खरंच. आवाज ऐकतो. कोणत्या मजल्यावर घासते ते कळतं. वॉचमनला सांगतो, तो म्हणतो बरं."

ताईने त्याच्या ताटाजवळचे ब्रेडचे कण तळहाताने गोळा केले. कणांचा छोटा ढीग झाला. आता विचारलं नाही तर ती उठेल आणि भांडी घासायला घेईल, हे त्याला माहीत होतं.

"ताई, चल, समुद्रापर्यंत जाऊन येऊ. आठ दिवस."

ती उठली नाही.

"खुडणी आहे," ती म्हणाली.

"खुडणीनंतर."

"मग रस. मग पिंपं."

"त्यानंतर."

"मग छाटणी." मग तिने मान हलवली, जणू स्वतःलाच नाही म्हणाली. "नको. खोटं नको बोलायला. मी म्हटलं असतं तर यांनी उद्यासुद्धा सोडलं असतं. वर डबे बांधून दिले असते. मलाच यायचं नाही."

पंख्याचा आवाज येत होता. बेअरिंगला तेल हवं होतं.

"तुला आवडायचं नाही का?" त्याने विचारलं.

"आवडायचं रे. खूप आवडायचं. तू सकाळी त्या पंपाला शिव्या द्यायचास, मी हसत पडून राहायचे. पण डोळे उघडले की आधी आठवावं लागायचं, आज आपण कुठे आहोत. रोज. इथे ते आठवावं लागत नाही." तिने कणांचा ढीग ताटात लोटला. "घरीसुद्धा आठवावं लागायचं. तुला कधी बोलले नाही."

"घरी?"

"हं."

त्या घरात ती दोघं चाळीसच्या वर वर्षं राहिली होती. त्याने विचार करून बघितला. सकाळी डोळे उघडल्यावर आपण कुठे आहोत हे त्याला कधीच आठवावं लागलं नव्हतं. पलीकडच्या खोलीत ताई खाकरायची.

"राग आला?" ताईने विचारलं.

"नाही."

"आला असेल तर आला म्हण. उगाच सज्जनपणा करू नकोस, दाढ दुखते माझी."

"फुकट भरलेली?"

"तीच मेली."

दोघं हसली. हसू संपल्यावर तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला, आणि तो तसाच राहू दिला. तळघरातून पाण्याचा आवाज येत होता. बागायतदार काहीतरी गुणगुणत होता, बेसूर.

*

सकाळी मजूर ओळींमध्ये शिरले होते. कात्र्यांची टकटक आणि कोणाचं तरी मोठ्याने हसणं, एवढंच ऐकू येत होतं; माणसं पानांत दिसत नव्हती. बागायतदाराने ट्रॅक्टर आधीच खालच्या फाटकाबाहेर काढून ठेवला होता, म्हणजे खोलीवाली गाडी सरळ पुढे निघावी, कुठे मागे घ्यायला लागू नये. त्याने हे मुद्दाम केलं होतं आणि मुद्दाम सांगितलं नाही.

बाटल्यांची पेटी त्याने सीटवर ठेवली. पैसे घ्यायला नकार दिला.

"येत जा," तो म्हणाला. "फाटकावरची खूण तशीच आहे."

"येईन."

ताई क्रेट उचलता उचलता धावत आली. हात रसाने चिकट झाले होते, म्हणून तिने कोपराने त्याच्या पाठीत ढोसलं.

"फोन कर."

"कुठून?"

"असेल तिथून. आणि सांग, कुठे आहेस ते."

"आठवलं तर सांगेन," तो म्हणाला. हे विनोदाने म्हणायचं ठरवलं होतं. जमलं नाही. पण तिने जमल्यासारखं दाखवलं, त्याच्या दंडाला चिमटा काढला आणि ओळीत परत गेली. फाटकाबाहेर पडताना त्याने आरशात बघितलं. रबरी बूट पुष्कळ होते. तिचे कोणते ते कळलं नाही.

पुलापाशी दोन रस्ते होते. घराचा वर जाणारा, नदीचा खाली जाणारा. तो खालच्या रस्त्याने गेला.

दुपारपर्यंत टेकड्या बसक्या होत गेल्या. द्राक्षांच्या ओळी आधी तुरळक झाल्या, मग संपल्या. मग बटाट्याची शेतं, गोदामं, टायरांचे ढीग. नदी कधी दिसेनाशी झाली ते त्याला कळलंच नाही. पेट्रोल पंपावर त्याने विचारलं.

"नदी ना? ती तिकडे कारखान्यांच्या मागे," पंपावरची बाई म्हणाली. "रस्ता तिच्या बाजूने जात नाही आता."

"पुढे भेटते का?"

"समुद्रालाच एकदम." तिने नळी परत अडकवली, खोलीच्या खिडकीकडे बघितलं. खिडकीला ताईने शिवलेले निळे पडदे होते. "किती जण आहात? आमच्याकडे अंघोळीची सोय आहे, माणशी टोकन घ्यावं लागतं."

"एक," तो म्हणाला.

अंघोळीचं पाणी गरम होतं आणि बराच वेळ गरम राहिलं. तो बाहेर आला तेव्हा केस ओले होते आणि ऊन कलायला लागलं होतं. त्याने गाडी सुरू केली, आरसे नीट केले, आणि टायरांच्या ढिगांमधून, जिथून नदी दिसत नव्हती त्या रस्त्याने, समुद्राच्या दिशेने निघाला.

*

पहिल्या वर्षी त्या मळ्याच्या फाटकापाशी ताई म्हणाली होती, इथे नको, अजून उजेड आहे, पुढे जाऊ. आत वळायचा इंडिकेटर त्याने दिला होता.