जांभळा कुकुरुचो

गुड फ्रायडेला कीतो शहरात दोन तऱ्हेचे कुकुरुचो दिसतात. एक दाणे विकणाऱ्या रोसाल्बाच्या हातातला, कागदाच्या शंकूचा, भाजलेल्या मक्याच्या दाण्यांनी भरलेला. दुसरा पापं फेडायला निघालेल्यांच्या डोक्यावरचा, जांभळ्या कापडाचा, डोळ्यांपुरती भोकं ठेवलेला. "आधी कुठला गं, आई?" एल्मेर विचारायचा. "आधी जुन्या साधूंची टोपी, मग वाण्याची पुडी. आकार तोच, नाव तेच," ती सांगायची. पोरगं जाऊन वर्ष झालं. गाडीनं उडवलं आणि गाडीवाला पळाला. मेल्याचा अजून पत्ता नाही.

"ए रोसाल्बा, पुड्या वळ की! तंद्री लागली काय?" शेजारची मरूहा ओरडली.

तेवढ्यात मिरवणूक आली. अनवाणी माणसं क्रूस ओढत चालली होती. त्यातला एक समोरच अडखळला आणि गुडघ्यांवर आला. अशाला पाणी द्यायचं. तोंड बघायचं नाही, नाव विचारायचं नाही, ही रीत. रोसाल्बा पाणी घेऊन धावली, आणि तिची नजर त्याच्या पायांवर गेली. डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली होती.

आई गेल्यावर लहानपणी हे पाय तिनंच धुतले होते. लिसार्दो, तिचा धाकटा भाऊ! ताप आलाय, जेवायला येत नाही, असा सकाळीच निरोप धाडला होता त्यानं. जन्मभर या सोंगांना हसणारा हा! आणि एल्मेर गेला त्याच आठवड्यात यानं दुधाची गाडी विकली होती, इंजिन बसलं म्हणे. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पोराच्या पेटीला पहिला खांदाही यानंच दिला होता.

ती टोपी ओरबाडावी, त्याच क्रूसानं त्याचं डोकं फोडावं, असं तिला वाटलं. चार पावलांवर पोलीस उभा होता.

"ताई..." टोपीखालून हुंदका आला.

"खबरदार ताई म्हणालास तर!" तिनं पाणी रस्त्यावर ओतून दिलं. "बारा धान्यांचं दुधातलं कालवण चुलीवर आहे. ही टोपी उतरवून ये. एल्मेरच्या खुर्चीत बस, माझ्या डोळ्यांत बघ आणि सांग काय केलंस ते."

तो उठला. क्रूस ओढत पुढे गेला.

संध्याकाळी तिनं दोन ताटं वाढली. कालवण गार झालं, त्यावर साय धरली, तरी दार वाजलं नाही. मग तिनं अंगावर शाल घेतली आणि पोलीस चौकीची वाट धरली.