कात्रीचं तेल

परळच्या दवाखान्यातल्या मॅडमनी आमच्या ह्यांना सांगितलं, "काका, खांदा पूर्ण बरा होणार नाही. पण रोज उठल्यावर मनाशी म्हणायचं, आजचा दिवस चांगला जाणार. ही सवय लावून घ्या."

हे मान डोलवत बसले. माझं डोकं फिरलं.

"मॅडम, सवय कसली लावताय? संपात ह्यांना तीच सवय होती. हे गिरणीत साचे चालवायचे, विणकर होते. संपभर रोज सकाळी चाळीच्या गॅलरीत बसून सूत तोडायच्या कात्रीला तेल लावायचे आणि म्हणायचे, आज गिरणी उघडणार. माझ्या भावानं गोदीत काम बघून ठेवलं होतं. तर म्हणाले, 'नको. गिरणी उघडली आणि मी नसलो, तर माझे साचे बदलीवाल्याला देतील.' गिरणी उघडली नाही आणि गोदीही गेली. मग लोकांची कपाटं जिन्यानं चढवून चढवून हा खांदा गेला."

मॅडमनी दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. घरी येईपर्यंत हे माझ्यापुढे चार पावलं चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना हात उचलता येईना. मी तेल कोमट करून खांदा चोळला आणि दुखण्याची गोळी पुढे केली. ह्यांचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते.

"काय पुटपुटताय? आधी गोळी घ्या."

ह्यांनी डोळे उघडले आणि दुसऱ्या हातानं माझा हात बाजूला सारला.

"राहू दे गं. आज दुखणार नाही."