रस्त्यातली दोन घरं

बटाटे काढायला वाकता येईना, म्हणून रिके गुडघ्यांवर बसली होती. पोटात आठवा महिना. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या त्या रानात ऑक्टोबर लागला की माती लोखंडावाणी गार पडते, बोटं बधिर होतात. पण बटाटा काही आपणहून उडी मारून पोत्यात जात नाही. चार सऱ्या झाल्या असतील-नसतील, तोच एक मोजणीदार साखळी ओढत थेट तिच्या शेतातनं चालत आला.

"कुनाचं रान हे?"

"आमचं. योखेम झास्ट्रोचं. नंबर नऊ."

मोजणीदारानं नकाशा बघितला, सूर्याकडं बघितलं, परत नकाशा बघितला. "बाई, हे सहा नंबर हाय. नऊ रस्त्याच्या पल्याड. तिथं जो ऱ्हातो त्यो तुमच्या जमिनीत ऱ्हातो, आन् तुमी त्याच्या."

रिकेच्या हातातला बटाटा हातातच राहिला.

झालं होतं असं, की तीन वर्षांमागं जंगलाचे तुकडे पाडले तेव्हा झाडांना पाट्या ठोकणारा गडी अंगठाबहाद्दर होता. इंग्रजी आकडे ते; त्यानं दोन्ही पाट्या उलट्या ठोकल्या, सहाचे नऊ झाले आणि नवाचे सहा. योखेम पोमेरानियातनं आला, पाटी बघून कुऱ्हाड घेऊन भिडला. पलीकडं आल्बान श्टेगमायर स्वाबियातनं आला, तोही भिडला. तीन वर्षं दोघांनी हाडाची काडं करून एकमेकांची जमीन साफ केली. तसे दोघंही जर्मनच. पण एक उत्तरेच्या सपाटीचा, दुसरा दक्षिणेच्या डोंगरातला. एकाची बोली दुसऱ्याला अर्धीच कळायची, आणि जेवढी कळायची तेवढ्याचा राग यायचा. त्यात हा लूथरचा, तो पोपचा.

मोजणीदार शहाणा होता. म्हणाला, "सोपं हाय. कचेरीत जावा, कागदांची अदलाबदल करा. ज्याचं घर जिथं हाय तिथंच ऱ्हाईल."

योखेम बुंधा उपटायचं सोडून तिथं आला होता. त्यानं घाम पुसला आणि म्हणाला, "न्हाई."

"का?"

"माजा बाप जमीनदाराच्या तबेल्यात जन्मला आन् तिथंच मेला. त्याच्या नावाची अक्षरं त्याच्या कबरीवर बी न्हाईत. आमच्या सात पिढ्यांत नावाचा कागद ह्योच पयला. त्यावर नऊ लिवलंय. मी नवावरच जानार."

"आवं, आकडा पेरून उगवतोय व्हय?" रिके म्हणाली. "ही माती बगा. हिच्यात आपला घाम जिरलाय."

"रिके, तू मधी पडू नगंस."

तिकडं आल्बानचं वेगळंच. त्याची बायको सेन्झी त्याच्या मागं लागली, तर तो खांद्यावरची कुदळ खाली न ठेवता म्हणाला, "त्यानं येऊन मले इचारलं असतं, तं म्या कागद देला असता. पन थो इचारत नाही. मंग मी काऊन इचारू? मी का त्याच्या बापाचा नौकर आहो?"

दोन्ही खुळ्यांनी मिळून ठरवलं काय? घरं हलवायची.

ओंडक्यांची घरं ती. खाली दोन लांब सोट सारायचे, पुढं बैल जुंपायचे आणि ओढायचं. पण एका घराला चार बैल लागतात आणि दोघांकडं दोन-दोनच. म्हणजे एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांना एकमेकांचे बैल मागणं आलं. ते त्यांनी बायकांमार्फत मागितले आणि दोघांनीही लगेच दिले. बैलाला काय, तो लूथरचाही नाही आणि पोपचाही नाही. फक्त आल्बानचे बैल योखेमचं बोलणं उलटं समजायचे. त्यानं 'चला' म्हटलं की ते बसायचे.

मग आधी घर कुणाचं ओढायचं?

"त्याचं आधी पोचलं आन् माज्या वक्ताला त्यानं बैल न्हाई दिलं तर?" योखेम म्हणाला.

आल्बानही स्वाबियाच्या बोलीत हेच म्हणाला. शेवटी तोड निघाली. वीस पावलं ह्याचं घर, वीस पावलं त्याचं. बैल सोडायचे, पलीकडं न्यायचे, जुंपायचे, ओढायचे, पुन्हा सोडायचे. रिकेला चालवत नव्हतं म्हणून ती घरातच बसली. चुलीवर कोबीचं सूप रटरटत होतं आणि खिडकीतनं झाडं मागं सरकत होती. तिला हसू आलं, मग रडू आलं, मग सूप सांडलं.

चौथ्या दिवशी दुपारी दोन्ही घरं समोरासमोरनं रस्त्यावर आली. रस्ता कसला, झाडं तोडून पाडलेली अरुंद वाट. दोन्ही घरं तिरकी घालून एकमेकांशेजारनं काढायची होती. पण "तू सरक", "तू सरक" करता करता कोपऱ्यांतनं बाहेर आलेली ओंडक्यांची टोकं एकमेकांत अशी गुंतली, जशी झुंजणाऱ्या बोकडांची शिंगं. संध्याकाळी पाऊस आला. पहाटे गारठा पडला, आणि सोट चिखलात दगडासारखे गोठले. वसंतापर्यंत आता देवही ती घरं हलवणार नव्हता.

योखेमनं घराला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "तरी बी माजं घर चार बोटं म्होरं हाय."

नोव्हेंबरच्या शेवटी भर दिवसा रिकेला कळा सुरू झाल्या. बाहेर दाराच्या निम्म्यापर्यंत बर्फ. सुईण सहा मैलांवर. योखेम एकदा दाराशी जायचा, एकदा चुलीशी. रिकेनं पळी उचलली आणि भिंतीवर दणादणा हाणली.

"काय झालं व बाई?" पलीकडनं सेन्झीचा आवाज आला.

"वेळ भरली! ये लवकर!"

"दार बर्फानं लोटलं बाप्पा, उघडून नाही रायलं! थांब, भिंतीतून येतो!" आणि नवऱ्यावर ओरडली, "पाहून काय रायले? घ्या कुऱ्हाड!"

आल्बाननं आपली भिंत फोडायला घेतली. इकडं योखेम ताडकन उठला. "ए! माज्या भिंतीला हात लावायचा न्हाई!"

"मग तुमी लावा!" रिके किंचाळली. "तुमी लावा हात, न्हाईतर त्याला लावू द्या! पोर काय कचेरीत जाऊन जन्माला घालू?"

योखेमनं कुऱ्हाड घेतली. एक तिकडनं, एक इकडनं. ढलप्या उडू लागल्या. तीन वर्षांत दोघांनी एकत्र केलेलं हे पहिलं काम. शेवटचा ओंडका पडला आणि भोकातनं दोन घामेजली तोंडं एकमेकांसमोर आली.

"आतातरी इचार," आल्बान म्हणाला.

योखेमनं कुऱ्हाड खाली ठेवली. "येतोस का आत?"

"हे इचारनं झालं का?"

"झालं."

सेन्झी दोघांना ढकलून आत शिरली. अंधार पडायच्या आत मुलगी झाली. तिचं नाव हुल्डा. हिनंच पुढं आल्बानचा थोरला पोरगा नवरा केला आणि त्या भोकाला चौकट बसवून घेतली. आजचे सगळे झास्ट्रो-श्टेगमायर त्या भिंतीच्या भोकातनं आलेत म्हटलं तरी चालेल.

वसंतात बर्फ वितळलं, सोट मोकळे झाले. पण घरं हलवायची गोष्ट कुणी काढली नाही. योखेम नांगर घेऊन निघाला आणि पाय आपोआप जुन्या रानाकडं वळले. आल्बानही आपल्या जुन्या रानात गेला. कागद दोघांच्याही पेटीत तसेच राहिले. ना कुणी मागितले, ना कुणी दिले.

मे महिन्यात घोड्यावरनं रस्त्यांचा साहेब आला. लालबुंद झालेला. "सरकारी रस्त्यात घरं? महिन्याच्या आत हलवा!"

रिके हुल्डाला पाजत उंबऱ्यावर बसली होती. "हलवू की साहेब," ती गरिबीनं म्हणाली. "फकस्त कुनाचं आदी हलवायचं तेवढं या दोगांना इचारा."

"त्याचं," योखेम म्हणाला.

"त्याचं," आल्बान म्हणाला. "त्याचं चार बोटं पुढं हाये, थोच सांगते."

"मंग ज्याचं म्होरं त्याचा मान! म्हागच्यानं आदी निघावं!"

साहेबानं दीड तास ऐकलं. अर्धी भाषा त्याला कळली नाही, उरलेली कळून उपयोग नव्हता. मग त्यानं टोपी घातली आणि घोडा वळवला.

पंधरा दिवसांनी मजूर आले. त्यांनी घरांच्या बाजूची झाडं तोडली, बुंधे काढले, आणि सरळ चाललेला रस्ता दोन घरांना वळसा घालून पुढं नेला. योखेम दिवसभर कुंपणाला टेकून ते बघत राहिला. पहिली गाडी वळणावरनं खडखडत गेली तेव्हा त्याची छाती वीतभर फुगली.

"बगितलंस रिके? सरकारला वळावं लागलं."

"व्हय तर," रिके पोरीचं तोंड पुसत म्हणाली. "रस्ता हाय त्यो. त्याला वळता येतं."