लहानांसाठीची सूट

आनंद मेश्राम खुर्च्या दुरुस्त करायचा. घरातल्या नव्हे, ऑफिसातल्या; चाकांच्या, गोल फिरणाऱ्या, दांडी ओढली की खालीवर होणाऱ्या. पुलगावहून पुण्यात आला तेव्हा तो रांजणगावच्या एका फर्निचर कारखान्यात लागला होता. पुढे खराडीत काचेच्या इमारती उठत गेल्या आणि त्याच्या लक्षात आलं, की जिथे एवढी माणसं दिवसभर बसून काम करतात तिथे रोज कुठली तरी खुर्ची मोडणारच. त्याने नोकरी सोडली आणि चंदननगरला गाळा भाड्याने घेतला. बायको रुपाली फाटक्या सीटची कव्हरं शिवायची. वाघोलीकडचे साठीला आलेले गेनबा चाकं आणि खुर्ची खालीवर करणारे पंप बदलायचे. निम्म्याहून जास्त काम खराडीतल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीचं होतं. बाकीचं कोथरूडचे क्लासेस, दवाखाने, एखादी पतसंस्था असं सुटं सुटं.

२०१७च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा आनंद सुरुवातीला निवांत होता. त्याचे कर सल्लागार सबनीस यांनीच सांगितलं होतं, "तुमची उलाढाल वीस लाखांच्या आत. लहानांना सूट आहे. नंबर घ्यायची गरज नाही. घरी जा आणि झोपा."

आठवड्याभरात कंपनीतून नम्रता मॅडमचा फोन आला. ऑफिसच्या देखभालीचं सगळं त्यांच्याकडे असे. आनंदशी त्या नेहमी नीट बोलत, बिल अडलं तर स्वतः पाठपुरावा करत.

"आनंद, तुमचा जीएसटी नंबर पाठवा ना."

"मॅडम, मला सूट आहे. माझी उलाढाल कमी आहे."

"तोच तर प्रॉब्लेम आहे. तुमच्याकडे नंबर नसेल तर तुमच्या बिलावरचा कर आमच्या कंपनीने भरायचा, असा नियम आलाय. हेड ऑफिस म्हणतं, ही उठाठेव नको. नंबर नाही त्याला काम नाही."

आनंद पुन्हा सबनीसांकडे गेला. सबनीसांनी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे सरकार सूट देतंय आणि तुम्ही ती परत करताय. करा. पण मग दर महिन्याला रिटर्न आलं, प्रत्येक बिलावर अठरा टक्के आले, आणि माझी फीसुद्धा आली."

"कंपनी देईल ना अठरा टक्के?"

"कंपनीला काय, ती ते स्वतःच्या करातून वळते करून घेते. तुमच्या क्लासवाल्यांना आणि डॉक्टरांना कुठून वळते होणार? त्यांना खुर्ची महाग पडेल."

आनंदने दोन दिवस विचार केला. कंपनीचं काम गेलं तर गाळ्याचं भाडंही निघणार नव्हतं. त्याने नंबर घेतला.

सबनीस बोलले तसंच झालं. कोथरूडच्या क्लासचे बापूराव शांतपणे बिल वाचत म्हणाले, "अहो, खुर्ची तीच, चाक तेच, तुम्हीही तेच. मग हा वरचा आकडा कोण?" आनंदने कर स्वतःच्या मजुरीतून सोसला. पुढच्या वेळी बापूरावांनी बोलावलंच नाही. नंबर नसलेला दुसरा कारागीर त्यांना मिळाला होता, आणि त्याचं काम वाईट नव्हतं.

कंपनीच्या बिलाचे पैसे तीन महिन्यांनी मिळत. कर मात्र पुढच्याच महिन्यात भरायचा होता.

"हातात पैसे आलेच नाहीत, तर त्यावरचा कर कसा भरायचा?" रुपालीने विचारलं.

"सबनीस म्हणतात, भरावा लागतो."

"मग भरा." जाड कापड शिवायच्या मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे तिने कपाटातून काढून दिले आणि सुई मोडणाऱ्या जुन्या मशीनवर जाऊन बसली.

दिवाळीच्या सुमारास सबनीसांनीच बातमी दिली. नंबर नसलेल्याचा कर कंपनीने भरायचा, तो नियम सरकारने पुढे ढकलला होता. आता नंबर नसता तरी चाललं असतं. मॅडमना हे सांगायला आनंद त्याच दुपारी खराडीला गेला. कंपनीच्या मालाच्या दारापाशी ट्रक उभा होता आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या नव्या खुर्च्या उतरत होत्या. तो तिथेच थबकला.

नम्रता मॅडम खाली आल्या. त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं. "मी फोन करणारच होते. हेड ऑफिसने सगळ्या शाखांसाठी एकच कंपनी ठरवली. नव्या खुर्च्या, दुरुस्तीही त्यांचीच."

"जुन्या चांगल्या होत्या, मॅडम. मागच्याच महिन्यात पंप बदलले."

"माहितीये. मी तसं लिहिलंही होतं. त्यांनी वाचलं की नाही, कोण जाणे."

"मी तुमच्यासाठी नंबर घेतला."

त्यांनी उतरणाऱ्या खुर्च्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आनंद, माझा कर पगार हातात यायच्या आधीच कापतात. मला कुणी विचारत नाही. इथेही कुणी विचारत नाही. तुमचं राहिलेलं बिल मी लवकर काढायला लावते, तेवढं माझ्या हातात आहे."

त्यांच्यावर चिडावं असं आनंदला वाटलं, पण राग येईना. तो "बरं" म्हणाला आणि निघाला.

नंबर रद्द करून पुन्हा सूट घ्यावी, म्हणून तो सबनीसांकडे गेला. ते हळहळले. "तुम्ही स्वखुशीने घेतलाय ना? मग वर्ष होईपर्यंत सोडता येत नाही. तोवर रिटर्न भरत राहायचं."

"काम नसलं तरी?"

"तरी. शून्य भरायचं. शून्यालाही तारीख असते. ती चुकली की रोजचा दंड."

गेनबांना सांगायचं काम रुपालीवर टाकावं असं आनंदच्या मनात आलं होतं, पण तो स्वतःच बोलला. "मामा, पुढच्या महिन्यापासून आम्हा दोघांपुरतंच काम उरेल असं दिसतं."

गेनबा हातातलं चाक फिरवून बघत होते. "मला दिसत व्हतंच की. पर ह्यात चूक कुनाची हाय?"

आनंदने एकेकाला आठवून पाहिलं. सबनीसांनी खरं तेच सांगितलं होतं, मॅडमही कधी वाकड्या वागल्या नव्हत्या, बापूरावांनी आपले पैसे वाचवले होते. "कुणाचीच नाही, मामा," तो म्हणाला.

"मग भांडायचं तरी कुनाशी," गेनबा म्हणाले आणि चाक बसवून खुर्ची त्याच्याकडे ढकलली. महिनाअखेरच्या संध्याकाळी त्यांनी आपला पाना आणि डबा पिशवीत घातला, रुपालीला "येतो ताई" म्हटलं आणि वाघोलीच्या बसला निघून गेले.

पुढच्या महिन्यात दवाखान्यांचं, पतसंस्थेचं सुटं कामही आलं नाही. महिना संपल्यावर आनंद सबनीसांच्या ऑफिसात बाकावर बसला होता. आत संगणकावर बसलेल्या मुलीने विचारलं, "मेश्राम, या महिन्याची विक्री?"

"काही नाही," आनंद म्हणाला. तिने शून्य टाकलं आणि फी मागितली.