फोटोपुरतं

"बाटली दाखवा बघू," श्यामसुंदर दातार म्हणाले.

हेडलाइट चमकवायला आलेल्या मच्छिंद्रने पिशवीतली पांढरी बाटली काढून त्यांच्या हातात दिली. दातारांनी झाकण उघडून वास घेतला, बोटावर थेंब घेऊन चोळला आणि पुन्हा वास घेतला.

"रॉकेल नाही ना यात?"

"रॉकेल कशाला घालू, साहेब? पॉलिश हाय. लेबल वाचा की."

"लेबल काय, कोणीही चिकटवतं."

वारज्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दातारांची सोळा वर्षांची चंदेरी गाडी उभी होती. तिचे दोन्ही हेडलाइट जुन्या प्लॅस्टिकच्या मगासारखे पिवळट आणि धुरकट झाले होते. समोर खुर्ची टाकून दातार बसले होते. मच्छिंद्रच्या हातातून काय निघतं आणि पिशवीत काय जातं, ते सगळं त्यांच्या नजरेखाली होतं.

एकतीस वर्षं त्यांनी विजेचे मीटर तपासले होते. सील उघडून पुन्हा बसवलेलं, तबकडीवर बारीक ओरखडा, मागे लपवलेलं लोहचुंबक, हे सगळं त्यांना दारातूनच कळायचं. घरातल्या माणसाने न विचारता चहा पुढे केला, की ते आधी सील बघत.

आज चहा त्यांच्या मुलाने, आमोदने, पुढे केला होता.

दीड महिन्यापूर्वी संध्याकाळी गाडी लावताना दातारांनी ती पार्किंगच्या खांबावर घातली. "हेडलाइट पिवळे पडलेत. खांब दिसलाच नाही," असं त्यांनी घरी सांगितलं. "बाबा, आता विकून टाकू या. कॅब आहे ना," असं आमोद म्हणाला, तेव्हा पुढचे चार दिवस ते त्याच्याशी फक्त हवेबद्दल बोलले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या मर्जीने होणारी एकच गोष्ट उरली होती. दर रविवारी सकाळी बायकोला, हेमाला, शेजारी बसवून खडकवासल्याला जायचं, पाण्याकाठी सतरंजी टाकायची आणि ऊन चढायच्या आत परत यायचं.

आणि परवा तोच आमोद फोनवर म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना हेडलाइटचं? मी माणूस पाठवतो. माझ्याकडून गिफ्ट समजा."

गिफ्ट! गाडीच्या कागदांची फाइल कपाटात नेहमीच्या खणात नव्हती. हेमाने डिकीतली सतरंजी धुवायला म्हणून वर नेली होती. सोळा वर्षांत ती सतरंजी एकदाही धुतली गेली नव्हती. आणि आमोद आज बाणेरहून सकाळी आठलाच येऊन वर पोहे खात बसला होता. सुट्टीच्या दिवशी तो दहाच्या आत उठत नसे.

"आधी अर्धाच करा," दातारांनी हुकूम सोडला. "मधोमध पट्टी लावा. फरक दिसला तर पुढचं."

"मी तसंच करतो, साहेब. लोकांचा इस्वास न्हाई बसत."

मच्छिंद्रने काचेच्या मधोमध कागदी चिकटपट्टी लावली. पाणी मारून तो पॉलिश पेपरने घासू लागला. पिवळसर दुधाळ पाणी बंपरवरून ओघळलं. पाच मिनिटांनी त्याने फडक्याने काच पुसली, तर ती आधीपेक्षाही आंधळी, पांढरीफटक झाली होती.

दातार उठलेच. "अहो, खरवडून टाकलीत की! आधी निदान पिवळी तरी होती!"

"बसा वो, साहेब. ही काच न्हाई, प्लॅस्टिक हाय. वरचा थर उन्हाने मेलेला असतो. तो पुरता काढल्याबिगर खालचं चांगलं दिसत न्हाई. बारीक बारीक पेपर लावत जायचं."

आठशे, पंधराशे, दोन हजार. पेपरच्या मागचे आकडे दातारांनी स्वतः वाचले. क्रम बरोबर होता. मग ड्रिलला लावलेलं लोकरीचं चाक फिरू लागलं, आणि त्याखालून हेडलाइटच्या आतली चंदेरी वाटी, बल्ब, बल्बवरची बारीक अक्षरं, एकेक करून वर येत गेली. पट्टीच्या पलीकडे तो जुना पिवळट मग तसाच होता.

"हं," दातार म्हणाले. त्यांच्याकडून हे बरंच होतं.

दोन्ही हेडलाइट पुरे झाले तेव्हा साडेदहा वाजले होते. मच्छिंद्र पेपर गोळा करू लागला. पिशवीच्या तळाशी एक स्प्रेचा डबा होता. त्याचं सीलही उघडलेलं नव्हतं.

"तो डबा कशाचा?"

"कोटिंग."

"ते कधी मारणार?"

मच्छिंद्र पिशवीचं तोंड आवळू लागला.

"मूळचा थर तुम्ही काढलात. मग उन्हापासून राखायला आता काय आहे? तीन महिन्यांत पुन्हा पिवळे. डबा आणायचा, दाखवायचा आणि तसाच परत न्यायचा. वा! पैसे कोटिंगचेही घेतले असतील."

"साहेब, मी धायरीचा माणूस हाय. इथंच धंदा करतो, उद्या कुठं पळून जाणार?" मच्छिंद्रचा आवाज पहिल्यांदाच चढला. "प्रत्येकाला आधी विचारतो मी, गाडी ठेवायची का विकायची. ठेवायची तर कोटिंग मारल्याबिगर मी जातच न्हाई. तुमच्या पोराने काय लिवलंय ते बघा."

त्याने ओल्या हातानेच फोन पुढे धरला. दातारांनी चष्मा वर करून वाचलं.

'कोटिंग नको. फोटोपुरतं चमकवा. विकायला टाकतोय. बाबांना काही बोलू नका प्लीज.'

दातार खुर्चीवर बसले. एवढा वेळ ते चुकीचं सील तपासत होते.

"मी हे दाखवायला नको व्हतं," मच्छिंद्र म्हणाला.

"तुमचं काही चुकलं नाही."

समोरचे दोन्ही हेडलाइट लखलखीत होते. पुन्हा कुठे गाडी धडकली, तर आता काय सांगायचं? खांब त्यांना दिसला होता. त्यावरचे काळे-पिवळे पट्टे दिसले होते, त्यावर कोणी चिकटवलेली 'फ्लॅट भाड्याने देणे'ची चिठ्ठीही दिसली होती. पाय ब्रेककडे निघाला आणि उशिरा पोचला, एवढंच. मंद चालणाऱ्या मीटरशी ते कधी वाद घालत बसले नव्हते. तो काढायचा आणि दुसरा लावायचा.

"कोटिंग मारा," ते म्हणाले.

"पण दादा नको..."

"गाडी माझ्या नावावर आहे. घेणारा रात्री चालवेल ती. त्याला तीन महिन्यांनी वाटायला नको, दातारांनी फसवलं."

मच्छिंद्रने डब्याचं सील तोडलं. स्प्रेचे तीन पातळ हात मारले. "अर्धा तास धूळ बसू देऊ नका. हात तर लावूच नका," असं सांगून तो गेला.

आमोद खाली आला तो फोन हातात घेऊनच. "वा बाबा, नवीनच दिसतायत की! एक-दोन फोटो काढतो, सहज."

"सहज काढ. पण लांबून."

आमोदने वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि फोन खाली केला. "त्याने सांगितलं?"

"मी सांगायला लावलं. जाहिरातीचा फॉर्म भरलायस का? दाखव."

आमोद गुपचूप शेजारी उकिडवा बसला. दातारांनी जाहिरातीचा मजकूर पहिल्या ओळीपासून वाचला. "कंडिशन एक्सलंट? काहीतरीच. लिही, डावीकडच्या मागच्या दाराची काच अर्धीच उतरते. थंडीत पहिला गिअर अडकतो. आणि हा रकाना का मोकळा? विकण्याचं कारण."

"राहू दे हो, बाबा. कम्पल्सरी नाहीये तो."

"मोकळा रकाना दिसला की मला पहिल्यापासून संशय येतो." त्यांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. "आमोद, खांब मला दिसला होता. लिही, मालकाचं वय चौऱ्याहत्तर."

आमोदचा अंगठा स्क्रीनवर नुसताच राहिला. मग त्याने सावकाश टाइप केलं. दातारांनी ते वाचून मान हलवली.

झाडणाऱ्या विमलाबाई खराटा घेऊन आल्या, तेव्हा दातार उठून गाडीच्या पुढ्यात उभे राहिले. "विमलाबाई, ही बाजू अर्ध्या तासाने झाडा." एक माशी उजव्या हेडलाइटभोवती घिरट्या घालत होती. तिला ते वर्तमानपत्राच्या पुरवणीने वारत राहिले.

वरच्या गॅलरीतून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागून, हेमाचा आवाज आला. "अहो, झालं का?"

"वाळतंय अजून," दातार म्हणाले.