विंचूवाल्या गाडीचा आवाज

“बाकी काय वाट्टेल ते बदलवा मॅडम, पण हिचा आवाज नका बदलवू,” चावी देताना विजयराव म्हणाले होते.

धनश्री “हो हो” म्हणाली आणि मागच्या सीटचे पट्टे ओढून पाहू लागली. विकणाऱ्याचा जीव गाडीत अडकतोच, एवढाच अर्थ तिनं घेतला.

गाडी फियाटची, पुंतो अबार्थ. अंगानं लहानखुरी, पण इंजिन शर्यतीच्या तोऱ्याचं, आणि नाकावर विंचवाचं चिन्ह. बँकेतून निवृत्त झाल्यावर विजयरावांनी ती हौसेनं घेतली, दणदणीत आवाजाचा सायलेन्सर बसवला. आता नजर कमी झाली म्हणून विकत होते.

“लेकराची माय अन् असली गाडी?” रोहित, तिचा नवरा, हसला.

“चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. अन् ट्रकच्या मागं रांगत जावं लागत नाही.”

धनश्री काळजीखोर खरी, पण तिची काळजी डोळे उघडे ठेवून चाले. पांढुर्ण्याहून रोज सौंसरला कॉलेजात शिकवायला जायचं, जाताना लेकीला, रेवाला, तिथं आपल्या आईकडे सोडायचं. सासूबाईंना मात्र गाडी पटली नाही.

“घरात रांगतं लेकरू, अन् हे दारात विंचू बांधून राहिले!”

“चावत नाही तो, आई.”

“पेट्रोल तर पिते न!”

विजयरावांचं घर सौंसरच्या अलीकडे, रस्त्याला लागून. पहिल्याच सकाळी ते फाटकात उभे दिसले. गाडी वळणावर असतानाच त्यांचा हात वर गेला. मग रोजचंच झालं. धनश्री वेग कमी करून काच खाली करी.

“निघालो काका!”

“लेकरू हाय न संगं? मंग हळू!”

अशी गाडी विकून वर हळू जा म्हणणारा माणूस तिनं दुसरा पाहिला नव्हता.

पण रेवा त्या आवाजाला दचकायची. गाडी सुरू झाली की ओठ काढी, मग टाहो. कोवळे कान, म्हणून धनश्रीच्या जिवाला घोर लागला. शेवटी योगेश मेकॅनिकनं साधा सायलेन्सर बसवून दिला. “पाहा ताई, कशी मांजरीवानी चालून राहिली!”

दुसऱ्या दिवशी विजयराव फाटकातच होते. हात वर गेला नाही. धनश्रीनं हॉर्न दिला, तर परक्या गाडीला वाट द्यावी तसे ते दोन पावलं मागं सरले. मागं रेवा गाढ झोपलेली, कॉलेजात परीक्षेची ड्युटी. उद्या थांबू, असं म्हणून ती निघाली. आरशात ते दिसत होते, मान वळणाकडे कलती. असे किती तरी उद्या गेले.

परीक्षा आटोपल्यावर ती थांबली, तेव्हा फाटकाला कुलूप होतं. शेजारची अर्चना कपडे वाळत घालत होती.

“तुमीच का विंचूवाल्या? अवो, गाडी विकली का काय तुमी?”

“नाही, हीच तर ती.”

“हे?” अर्चना गाडीकडे बघतच राहिली. “काकाले काहीच दिसत नव्हतं बाई. आवाजावरच हात करत होते. आवाज बंद झाला त् येणाऱ्या-जाणाऱ्याले विचारत, रस्त्यात कुठं अपघात त् नाही झाला? पोरगी लेकरू घेऊन जाते म्हणे. जेवण सुटलं होतं त्यांचं.”

“आता कुठं आहेत?”

“भाचा घेऊन गेला. कोणी म्हणते रामाकोना, कोणी म्हणते छिंदवाडा.”

फोन लागला नाही. योगेशनं कुरकुरत जुना सायलेन्सर परत चढवला. रविवारी रेवाला सासूबाईंकडे ठेवून धनश्री रामाकोन्याला गेली. पहिल्या गिअरमध्ये गल्ली न् गल्ली फिरली. कुत्री भुंकली. “वरात हाय का कोणाची?” ओट्यावरचा एक जण ओरडला. हात कोणी वर केला नाही. छिंदवाड्याचाही तिनं एक फेरा मारला. पण एवढ्या मोठ्या शहरात एक गाडी कुठवर ऐकू जाणार?

म्हणून तिचं तुम्हाला एवढंच मागणं आहे. तुमच्या गल्लीत कोणी नवा म्हातारा रस्त्याकडे कान लावून बसत असेल, तर जवळ जाऊन विचारा, विजयराव का? असतील तर आधी रेवा खुशाल आहे म्हणून सांगा. आणि मग बघा, नीट जेवतात का.